गाडीपुढे कोणीच नव्हतं

गुडघे गेले तेव्हापासून मला एसटीची पायरी चढता येत नाही. थोरली बहीण खारेपाटणला असते, तिलाही घर सोडवत नाही. भेट फोनवरच, आणि फोनवर तिला निम्मं ऐकू येत नाही. त्यामुळे मुलगी पुण्याहून नवी गाडी घेऊन आली तेव्हा गाडीचा रंगसुद्धा न बघता मी म्हटलं, "माका खारेपाटणाक ने."

ही गाडी पेट्रोलवरही चालते आणि मोबाइलसारखी चार्जिंगलाही लावता येते. आधी रीतीप्रमाणे पूजा झाली. गाडीच्या तोंडावर मी हळदीकुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं, झेंडूचा लोंबता हार घातला. शेजारी राहणाऱ्या धाकट्या दिराने गाडी सांभाळ म्हणून देवाला गाऱ्हाणं घातलं, आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फणसाच्या गऱ्यांचा डबा घेऊन मी खळ्यात, म्हणजे आमच्या अंगणात, उभ्या असलेल्या गाडीत बसले. मुलीने गाडी चालू केली, तशी ती बोंबलायलाच लागली.

"आये, समोर कोणतरी आसा म्हणता."

"खळ्यात कोण आसतला? कोंबडी पण नाय."

पुढचा आणखी एक सेन्सर बंद पडल्याचंही पडद्यावर आलं होतं. रात्री चार्जिंगला लावली होती तेही झालं नव्हतं, चार्जरवर नुसता लाल दिवा लुकलुकत होता. मुलीने नवऱ्याला फोन लावला. जावई म्हणाले, गाडी हलवू नकोस, कंपनीची क्रेन मागवतो. क्रेन आली की गाडी जाणार, मग मुलीची सुट्टी संपणार आणि माझं खारेपाटण राहणार. मी गाडीतून उतरलेच नाही.

"ही गाडी नाय गो, माझी सासू आसा," मी म्हटलं. "कायव नसताना वराडता."

आवाज ऐकून दीर आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि गंभीर तोंड केलं. "घराण्याचो मूळपुरुष वाटेत उभो रवलो आसतलो. कोंबो देवक व्हयो."

"कोंबो तुका खावक व्हयो, मूळपुरुषाक कित्याक मधी घालतस?"

एवढ्यात त्याचीच गाय खळ्यात शिरली आणि थेट गाडीच्या तोंडाला भिडली. गाडीने आकांत मांडला. आता तिच्यापुढे खरोखरच कोणीतरी होतं. दिराने गायीचं दावं ओढलं, गायीने हार ओढला. गाय गेली, हारही गेला, आणि गाडी एकदम गप्प.

मुलगी स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसायला लागली. "आये, हार लोंबत होतो गो! तोच माणूस!"

मग तिने गाडीचं माहितीपुस्तक काढलं. बंद पडलेला सेन्सर नेमका माझ्या स्वस्तिकाखाली होता. ती फडकं ओलं करून आली तर दीर आडवा. "कुंकू पुसू नको गो, अवलक्षण!"

"माझा पुसलेला आसा," मी म्हटलं, "तरी मी दोन टाइम जेवतंय. पूस गो."

तिने पुसलं. तोही संदेश गेला.

राहिला लाल दिवा. तो गेल्याशिवाय जावई क्रेन रद्द करणार नव्हते. पुस्तकात लिहिलं होतं, दिवा असा लुकलुकला तर घराचं अर्थिंग बघा. अर्थिंगचा खड्डा घरामागे, आणि मे महिन्यात आमचा जांभा तव्यासारखा सुका. पंपासाठी तो खड्डा खणला तेव्हाच, जमीन सुकली की अर्थिंग धरत नाही, उन्हाळ्यात यात पाणी ओतत जा, असं वायरमन सांगून गेला होता. पंप कधी तक्रार करीत नाही, म्हणून आम्हीही ओतलं नव्हतं. मुलीने काकालाच विहिरीवर पाठवलं. तो कुरकुरत कळश्या आणत होता आणि मी गाडीतूनच ओरडत होते, "आणखी एक! मूळपुरुषाक तहान लागली आसा!" शेवटी तोही हसला.

दिवा हिरवा झाला. जावयांची क्रेन रद्द झाली. चार्जिंग होईपर्यंत मी पेज जेवले आणि दुपारी आम्ही निघालो. कसालच्या पुढे हायवेवर गाडी इतकी बिनआवाज धावत होती की मला झोप लागली.

बहीण ओसरीवर बसली होती. मला गाडीतून उतरायला वेळ लागला, तिला उठायला वेळ लागला. अंगणात मध्यावर गाठ पडली. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"माका वाटला, तू कवाच मेलंस."

"तुझ्या आधी? खुळी काय गो?"

ती मोठ्याने हसली. तिला एकच दात उरलेला होता, हे फोनवर कधी कळलं नव्हतं. मग आम्ही एकमेकींना धरून, कोण कोणाला सांभाळतंय ते न बघता, पायरी चढलो.