लाल झग्यातले भाऊ

या, सगळे असे जवळ सरकून बसा. एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून बोललेलं मला ऐकू येत नाही, आणि तुमचं ते नेहमीचंच आहे. दिवाळीला आलात तेव्हाही फराळाचं ताट अर्धं टाकून पळालात. आज तसं चालणार नाही. आज भाऊंबद्दल सांगायचं आहे, आणि थोडा राग तुमच्यावरही आहे. खामगावात ज्यांच्या घरात लेकरू आहे त्या सगळ्यांनी भाऊंना पाहिलं आहे, आणि ओळखलं कोणीच नाही. मीसुद्धा त्यातलीच.

"यंदाचं शेवटचं, बाई."

हे भाऊंचं वाक्य. दरवर्षी डिसेंबरात म्हणायचे. हातात तो लाल झगा, काखेत उशी, आणि तोंड असं की दवाखान्यात टोचून घ्यायला निघाले आहेत. मी मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "हाव भाऊ, मागच्या सालीबी शेवटचंच होतं."

आमचं दुकान जुनं. सुईपासून सुटापर्यंत सगळं मिळायचं. खाली सतरंज्या, ब्लँकेटं, लुगडी, पत्र्याच्या पेट्या. लाकडी जिना चढून वर गेलं की लेकरांचे कपडे आणि खेळणी. तिथं भाऊंचं राज्य. खिडकीशी माझं शिलाई मशीन. कोणाची बाही आखूड कर, कोणाची कंबर घे, हे माझं काम. वीस-बावीस वर्षं मी त्या खिडकीत काढली आणि भाऊंनी त्याच्याही आधीची.

भाऊंनी टेप कधी गळ्यात घातला नाही. लेकराच्या मानेवर अंगठा ठेवायचे, पाठीवरून एक वीत खाली, मग अर्धी, आणि आवाज द्यायचे, "बावीस नंबर." तो बावीस नंबर अंगावर घातला की शिवून घेतल्यासारखा बसायचा. पण आपल्या बाया ऐकतात थोड्याच? "भाऊ, वाढत्या अंगाचं द्या. सव्वीस द्या." भाऊ झगा पुन्हा घडी घालून ठेवायचे आणि म्हणायचे, "लेकरू आज नाचणार हाय न बाई? मंग माप आजचं घे. पुढच्या सालचं लेकरू पुढच्या साली आण." कित्येकींना राग यायचा. पण पुढच्या साली त्याच यायच्या.

नाताळ म्हणजे तेव्हा आमच्याकडे मिशन कंपाउंडमधली मंडळी. डिसेंबर लागला की मायबाप, आजी, तीन-चार लेकरं, अशी वरात जिना चढून यायची. भाऊंनी त्यांच्यासाठी आधीच अकोल्याहून पांढरे झालरीचे झगे, पोरांचे छोटे सूट, डोळे मिटणाऱ्या बाहुल्या, किल्लीची माकडं आणून ठेवलेली असायची. पोरांना ते लाकडी टेबलावर उभं करायचे आणि माप घेताना माकड चालू करून द्यायचे, म्हणजे लेकरू हलत नाही. आणि मला हळूच सांगायचे, "बाई, झग्याले आतून एक खिसा लाव. तिथं प्रार्थना लांबते, लेकराले भूक लागते. चिवडा ठेवता आला पायजे." मी खिसा लावायची. त्याचे पैसे कोणी मागितले नाहीत, आणि आयांना तो खिसा घरी गेल्यावरच सापडायचा.

मग गावात इंग्रजी शाळा वाढल्या. शाळांनी लेकरांना लाल टोप्या, लाल झगे घालून बोलावायला सुरुवात केली. देऊळघाटपर्यंतच्या बाया सांताचा ड्रेस विचारत येऊ लागल्या. आमच्या धाकट्या शेठनं नागपूरला कुठल्यातरी दुकानाच्या दारात घंटी वाजवणारा सांता पाहिला, आणि एक मोठा झगा घेऊनच आला.

आता घालणार कोण? दुकानातल्या बाकी बाप्यांची पोटं खरी होती, ती त्या झग्यात मावेनात. भाऊ काटकीसारखे. त्यांचं पोट उशीचं, हवं तेवढं करता यायचं. शेठ म्हणाला, "भाऊ, दोन दिवसांची गोष्ट आहे."

दाढी कापसाची लावली. खामगावात दाढी विकत कोण आणतं? जिनिंगमधून मूठभर रुई आणली, डिंकानं चिकटवली. आरशात पाहून भाऊ म्हणाले, "मी मेल्यावर असा दिसीन काय बे?" आम्ही पोट धरून हसलो.

आणि शेठनं एक अट घातली. "सांता बोलत नसतो, भाऊ. वऱ्हाडी तर मुळीच नाही."

"मंग काय करते तो?"

"घंटी वाजवते."

झालं. ज्या माणसाच्या जिभेवर गावातल्या प्रत्येक लेकराचा नंबर होता, तो मुका होऊन दारात उभा राहिला. आणि वर त्यांच्या टेबलाशी नवीन पोरी, कोणालाही काहीही माप देतात. डिसेंबर असला तरी आपल्याकडलं दुपारचं ऊन कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. मखमलीचा झगा, पोटावर उशी, तोंडावर रुई. रस्त्यावरचे हमाल विचारायचे, "काय बे सांता, तुह्या गाडीचा बोकड कोठी बांधला?" भाऊ घंटी वाजवायचे.

पण गडी गप्प बसणारा नव्हता. लेकरू दारातून आत जाताना ते त्याच्या मानेवर हात ठेवायचे, लाड केल्यासारखा, आणि आईला बोटं दाखवायचे. दोन आणि दोन. म्हणजे बावीस. आया वर येऊन सांगायच्या, "खालच्या सांतानं बावीस सांगतलं, पण तुम्ही सव्वीस द्या." खालून घंटी जोरात वाजायची. त्यांना ऐकू कसं जायचं देव जाणे.

दोन दिवसांचे दहा दिवस झाले, आणि एका सालाची कितीतरी सालं. एकदा मी म्हटलं, "भाऊ, सांगून द्या ना नाही म्हणून."

तर म्हणाले, "दारात उभा हाय म्हणून दुकानात हाय, बाई. वर माह्या जागी तीन पोरी हायेत. नाही म्हटलं तं शेठ म्हणन, बरं भाऊ, या आता. मंग या वयात कोण ठेवते मले?"

त्यांना फक्त एवढंच हवं होतं, की त्या झग्यातून सुटावं आणि आपल्या टेबलाशी आपल्या तोंडानं उभं राहावं. जास्तीचं काही मागणं नव्हतं.

आता जे सांगते ते माझ्याच्यानं अजून नीट सांगवत नाही.

त्या साली भाऊंच्या पोरीला पाहायला पाहुणे येणार होते. डोणगावचे. मुलगा चांगला, शेती-व्यापार बरा. नेमका दिवस नाताळच्या आदल्या दिवसाचा ठरला. भाऊंनी शेठला आठवडाभर आधी सांगितलं. शेठ म्हणाला, "चार वाजता निघा ना, कोण अडवते?"

सकाळी भाऊ पांढरा इस्त्रीचा सदरा घालूनच आले. वरून झगा घातला आणि पाठीची चेन तुटली. खाली शाळेची लेकरं जमलेली, शेठ जिन्यातून ओरडतोय. भाऊ माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "बाई, टाक दोन टाके."

मी सुई घेतली. तर म्हणाले, "थांब. काडी दे."

तुम्हाला माहीत आहे ना? अंगावरचा कपडा शिवायचा नसतो. अंगावर शिवतात ते मेलेल्या माणसाचं, असं आपल्याकडे म्हणतात. शिवावाच लागला तर तोंडात काडी धरायची. पण भाऊंच्या तोंडावर रुई चिकटवून झालेली. काडी आत जाईना. मी म्हटलं, "राहू द्या भाऊ. आता कोण मानते?" आणि शिवायला बसले. एकेरी धागा पुरला असता. मी दुहेरी घेतला. मानेपर्यंत शिवत नेलं आणि वर दोन गाठी मारल्या. माझी टीप उसवत नाही, ही माझी मिजास होती. तो दिवस गर्दीचा, पुन्हा वर यायला लागू नये, एवढंच डोक्यात.

चार वाजले. गर्दी हटेना. शेठ म्हणाला, अर्धा तास. साडेचारला आणखी एका शाळेची गाडी आली. पाचला भाऊंनी घंटी दाराच्या कडीला अडकवली, आणि झग्यासकट सायकलवर बसून निघून गेले. वर माझ्याकडे आले असते तर दोन मिनिटांत उसवून दिलं असतं. मागून मला म्हणाले, "वर आलो असतो तं गल्ल्यासमोरून यावं लागलं असतं. शेठनं अजून एक शाळा हाती देली असती."

घरी पाहुणे बसलेले. पोहे झालेले, चहा झालेला. भाऊ मागच्या बोळातून शेजारणीच्या घरात शिरले. पोरीच्या बैठकीत बहुरूप्यासारखं कसं जायचं? शेजारीण बिचारी पिनेनं धागा ओढते, दातानं तोडायला पाहते. माझी टीप. हलेना. ती म्हणाली, "भाऊजी, ब्लेडनं फाडू काय?"

भाऊ म्हणाले, "नोको. दुकानाचा कपडा हाय. उद्या लेकरं येतीन."

आता याला काय म्हणाल? बाहेर बायको दोनदा येऊन गेली. ते आहेत तरी कुठं, म्हणून पाहुणे विचारतात. आणि हा माणूस भिंतीपलीकडे बसून आहे, कारण जन्मभर दुकानाच्या कपड्याला डाग पडू दिला नाही, त्याला ब्लेड कसं लावायचं? मी त्यांना ओळखते. ते फाडणारच नव्हते. त्यांच्या जागी मीही फाडलं नसतं कदाचित.

पाहुणे उठले. जाताना मुलाची आत्या म्हणाली, "पोरगी चांगली हाय. पण बापाले आमच्यापरीस दुकान मोठं." तिथंच ते मोडलं.

दिवे लागायच्या वेळेला भाऊ माझ्या दारात. सायकल लावली आणि पाठ केली.

"बाई, उसव."

मी कात्री आणली. ओट्यावर बसवलं, एकेक टाका कापत खाली आले. आतला तो पांढरा सदरा पाठीला चिकटला होता, इस्त्रीची घडी तेवढी बाहीवर राहिली होती. मी म्हटलं, "भाऊ, माझं चुकलं."

"तुह्यं कायचं? टीप तं चांगलीच होती." झग्यातून हात बाहेर काढले. मग म्हणाले, "पोरगी मोरीत होती. कप धुऊन राह्यली होती."

त्यानंतर पोरगी पुन्हा पाहुण्यांसमोर बसली नाही. आईनं समजावलं, मामानं समजावलं. तिनं नर्सिंग केलं, बुलढाण्याच्या दवाखान्यात लागली. बरी आहे. बापावर राग नव्हता तिचा. उलट डिसेंबर आला की तीच रुई पिंजून द्यायची.

हो, भाऊ दुसऱ्या साली पुन्हा उभे राहिले. मी म्हटलं, मी हात लावणार नाही. तर झगा माझ्या मशीनवर ठेवला आणि म्हणाले, "नवीन चेन लाव बाई. जाडी लाव. यंदाचं शेवटचं." मी लावली. मग मी दुकान सोडलं, सुईत दोरा ओवण्याइतके डोळे राहिले नाहीत. ते उभेच. गेल्या नाताळलाही उभे होते. मी रिक्षातून जाताना पाहिलं. मला ओळखून बोटं दाखवली, तीन आणि आठ. म्हणजे बाई, जाडी झालीस. मी रिक्षात एकटीच हसत बसले.

यंदा दिवाळी झाली आणि आठ दिवसांनी भाऊ गेले. सकाळी अंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं, तसंच राहिलं.

तेराव्याला मी गेले. भिंतीला खिळा ठोकलेला, खाली पाटावर दिवा, आणि खिळ्यावर काही नाही. मी पोरीला विचारलं, फोटो?

ती म्हणाली, "मावशी, बाबाचा फोटोच नाही."

असं कसं होईल? लग्नातला आहे, त्यात बाशिंगानं तोंड झाकलेलं. आधार कार्डावरचा आहे, पण तो वहिनींनी, भाऊंच्या बायकोनं, नको म्हटलं. त्यात ते चोरी करताना सापडल्यासारखे दिसतात. घरात लग्नकार्य झालं नाही, मग अल्बम कुठून येणार? सांत्वनाला आलेला जो तो खिशातून मोबाईल काढायचा. "हे पाहा, आमच्या चिंटूसंगं भाऊ." लाल झगा, पांढरी रुई, मध्ये दोन डोळे. शंभरजणांनी दाखवले असतील. वहिनींनी प्रत्येकाचा मोबाईल हातात घेतला, पाहिला, आणि परत दिला. खिळ्यावर तो फोटो लावायला त्या तयार नाहीत. म्हणतात, "आता तरी त्याईले काढा ना त्यातून."

म्हणून तुम्हाला बसवलं. तुमच्यात मिशन कंपाउंडमधली जुनी मंडळीही आहेत, त्यातले काही कॅमेरा घेऊन यायचे, मला चांगलं आठवतं. नवा झगा घातलेलं लेकरू टेबलावर उभं करून तुम्ही फोटो काढायचात. ते अल्बम काढा. लेकराच्या मागं बघा, कडेला बघा. कोणाच्या तरी फोटोत एक काटकीसारखा माणूस उभा असेल, अंगठा लेकराच्या मानेवर. अर्धा असला तरी चालेल. हलला असला तरी चालेल. तोंड उघडं आहे ना, बस.

मोबाईलवर पाठवू नका, मला ते उघडता येत नाही. स्वतः घेऊन या. मी दुपारची घरीच असते. मग मिळून वहिनींकडे जाऊ. नाताळ तोंडावर आलाय, गावात जिकडे-तिकडे लाल झगे लागतील. त्याच्या आत या.