सुनेच्या हातची घोडी

बालाघाटात नवरदेवाची घोडी म्हटलं की पंचवीस वर्षं लोक माझं नाव घ्यायचे. भैयालालची घोडी. मग माझी सून पौर्णिमा आली आणि लोक तिचं नाव घ्यायला लागले. मला ते कधीच आवडलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

ती रामपायलीची, धानवाल्यांच्या घरची. लग्न होऊन आली तेव्हा घोडीला इतकी भ्यायची की अंगणात जायचं तर भिंतीला चिकटून जायची. माझा मुलगा वीरेंद्र लांजीच्या बसवर ड्रायव्हर. त्याला घोडीत रस नाही, घरी आला की मोबाइल घेऊन पडतो. एका पावसाळ्यात मी टायफॉइडने दीड महिना खाटेवर पडलो आणि पुतळीचं, म्हणजे आमच्या घोडीचं, सगळं पौर्णिमावर आलं. मीच खाटेवरून ओरडून ओरडून तिला शिकवलं. घोडीच्या मागून जायचं नाही. आधी आवाज द्यायचा, मग हात लावायचा. गूळ द्यायचा तर तळहात सपाट ठेवून, नाहीतर बोट जाईल.

खोगीर कसताना घोडी पोट फुगवते, ही लबाडीही मीच सांगितली. त्या वेळी पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, घट्ट वाटतो. वीस पावलं चालवली की घोडी श्वास सोडते आणि तंग ढिला पडतो. म्हणून तो दुसऱ्यांदा ओढल्याशिवाय माणूस वर चढवायचा नाही.

दीड महिन्यानंतर मी उठून पुतळीजवळ गेलो, तर ती माझ्या खांद्यावरून मान लांब करून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती. शिंगरू असल्यापासून मी वाढवलेली घोडी! त्या दिवशी मी जेवलो नाही. सगळ्यांना वाटलं, तोंडाला अजून चव आली नाही.

पुढे पौर्णिमाने नवीनच टूम काढली. लग्नाच्या चार दिवस आधी नवरदेवाला बोलवायचं आणि अर्धा तास घोडीवर बसवून शिकवायचं. मी इतकी वर्षं नवरदेवाला उचलून वर टाकत आलो. तो पोत्यासारखा मांडवापर्यंत जायचा आणि उतरायचा, कोणाची तक्रार नव्हती. ही मात्र प्रत्येकाला डावीकडून चढायला लावायची. पाठ ताठ, गुडघे खोगिराला टेकलेले, नजर समोर. रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, फक्त चवडा ठेवायचा, टाच खाली. पोरांना अख्खा पाय आत खुपसायची सवय, ती खपवून घ्यायची नाही. बँड लागायच्या आधी पुतळीच्या कानात कापूस घालायची. आणि फटाके वरातीच्या पुढे बरेच लांब, नाहीतर घोडी जागची हलणार नाही, असं मुलाच्या बापाला तोंडावर सांगायची. त्यावर लोक खूश! फोन यायचे, "पौर्णिमाताईलेच पाठवजा." मी फोन ठेवायचो आणि दिवसभर घरात आदळआपट करायचो.

गेल्या वैशाखात शालिकरामच्या नातवाचं, अश्विनचं लग्न होतं. शालिकराम माझा लहानपणापासूनचा सोबती. त्याच्या मुलाची वरात मी नेली होती. तोसुद्धा मला म्हणाला, "भैया, पौर्णिमा आली तरी पुरे. तू कायले उन्हात येतं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, येतो तर मीच, आणि घोडीही मीच सजवतो.

शालिकरामच्या घरामागे, कोणी नसताना मी खोगीर चढवलं, तंग ओढला, वर जरीची झूल टाकली आणि घोडी दारात आणली. बँड सुरू झाला, बायका ओवाळायला थांबल्या होत्या. लगाम धरायला सोबत आलेली पौर्णिमा हळूच म्हणाली, "मामाजी, चालवून दुसऱ्यांदा तंग पाह्यला का?"

खरं तर मी विसरलो होतो. ती बोलली नसती तर कदाचित मला आठवलं असतं. पण ती बोलली, आणि तेही चारचौघांत.

"मले शिकवून राह्यली का तू?" मी म्हणालो. "चढ रे अश्विन."

अश्विनने तिच्याकडे बघितलं. "भाभी, गिरूँगा तो नहीं?"

"टाच खाली ठेव," ती म्हणाली आणि लगाम धरायला पुढे गेली.

तो चढला आणि त्याच्या वजनाने खोगीर डावीकडे फिरलं. पुतळी दचकून उडाली. अश्विन झुलीसकट खाली आला, फेटा नालीत गेला. पौर्णिमा लगामाला लोंबकळली, चार पावलं फरफटली, पण तिने घोडीचं तोंड सोडलं नाही. अश्विनचा पाय रिकिबीत अडकला असता तर पुतळीने त्याला रस्त्यावरून ओढत नेलं असतं. रिकिबीत चवडाच होता, म्हणून पाय सुटला. कोपर खरचटलं, तेवढंच.

बँड थांबला. शालिकराम धावत आला. "खोगीर कोणं कसलं होतं?"

मी खाली पडलेली झूल उचलायला वाकलो. पौर्णिमाच्या दोन्ही तळहातांची सालं निघाली होती. ती म्हणाली, "मी कसलं होतं, बाबूजी. माही चूक झाली."

"बाईच्या हाती घोडी देली का असंच होते," शालिकराम सगळ्यांसमोर म्हणाला. "भैया, आता तूच सांभाळ."

मी "हौ" म्हणालो. तंग ओढला, अश्विनला वर बसवलं आणि वरात मांडवापर्यंत नेली. ती मागून चालत आली.

परतताना मी विचारलं, "तू काहून सांगतलं तसं?"

"तुमच्या नावावर घर चालते, मामाजी. माहं नाव तं कालचंच हाय." मग म्हणाली, "पण पुढच्या खेपेले तंग दोनदा ओढजा."

त्यानंतरच्या सगळ्या वराती मीच नेल्या. भैयालाल असला म्हणजे काळजी नाही, असं लोक म्हणतात. पौर्णिमाला कोणी बोलावत नाही. ती घोडीला चारापाणी करते आणि घरात जाते. नवरदेवाला अर्धा तास शिकवायचं मी बंद केलं.

शालिकरामचं घर आमच्यापासून दहा मिनिटांवर आहे. तिथं जाऊन खरं काय ते सांगायला वर्षभरात मला सवड झाली नाही. तिचं जे होतं ते सगळं आता माझ्याकडे आलं. तरी मी तिच्यावर जळतोच. त्या दारात पुढे होऊन बोलली ती, मी नाही.