मामांच्या फोनवर येणारा मेसेज

मॅटवर पाय पडला की मशीन 'पीप' करतं. तो एक पीप मिळवायला मी आणि माझ्या सासूबाई पाच किलोमीटर पळालो, आणि नेमका त्यांचाच पीप झाला नाही. आज आठवलं तरी हसू फुटतं.

सुरुवात झाली ती मामांच्या तोंडापासून. मामा म्हणजे माझे सासरे, आणि सासूबाईंना मी आत्ती म्हणते. मामांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. डॉक्टरांनी रोखठोक सांगितलं, आज तंबाखू सोडलीत तर हे बरं होईल, नाहीतर पुढचं माझ्या हातात नाही. मामांनी शहाण्यासारखी मान डोलावली आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता खिशातून पुडी काढली. माझं डोकंच फिरलं. मंगळवार पेठेत घर येईपर्यंत मी रिक्षात बडबडत होते. आत्ती मात्र बाहेर बघत होत्या. चौकात पळण्याच्या शर्यतीचा फलक लागला होता.

घरात पाऊल टाकताच त्या म्हणाल्या, "मी त्या शर्यतीत पळतो. पाच किलोमीटर, तासाच्या आत. पोचलो तर तंबाखू सोडायची. कबूल?"

मामांना ठसकाच लागला. "तू पळणार? जिना चढताना दोनदा थांबतीस की!"

"कबूल हाय का न्हाय, तेवढंच बोला."

"कबूल. पर तू सांगणार आणि ही सून तुझ्या बाजूनं साक्ष देणार, ते चालायचं न्हाय. मशीन सांगंल ते खरं."

मामांनी सगळी नोकरी डेअरीत दूध तपासण्यात काढलेली. आपल्या म्हशीचं कौतुक सांगणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी फॅटच्या मशीनपुढं उभं केलेलं. माणूस काहीही बोलतो, मशीन खोटं बोलत नाही, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. म्हणून शर्यतीची नावनोंदणी करताना आत्तींच्या नावापुढं मोबाईल नंबर मामांचा घातला. शर्यत पुरी झाली की मशीन वेळेचा मेसेज पाठवतं, तो थेट त्यांच्याकडंच जाऊ दे.

मग आमचं रंकाळ्यावर चालणं सुरू झालं. चालण्याचं भरभर चालणं झालं, आणि एक दिवस आत्ती चक्क पळाल्या! साडी वर खोचून, कमरेच्या छल्ल्यातल्या किल्ल्या खळखळ वाजवत. आत्तींचं माहेर हुपरी. तिथं घडवलेला तो रुंद चांदीचा छल्ला लग्नापासून त्यांच्या कमरेला आहे. पळताना तरी काढून ठेवा म्हटलं, तर म्हणाल्या, "आणि किल्ल्या कुणाच्या हातात दिऊ? तुझ्या मामांच्या? ते सोताचा चष्मा हरवत्यात."

शर्यतीच्या आदल्या दिवशी छातीवर लावायचा नंबर आणायला गेलो. देणाऱ्या बाई जयसिंगपूरच्या होत्या, आणि वेळ मोजायचं सगळं काम त्यांच्याकडंच होतं. कागदी नंबर उलटा करून त्यांनी मागची पातळ पट्टी दाखवली. हीच चिप. तिला सेल नाही, काही नाही. मॅटमधून लहरी निघतात, त्यांनी ती जागी होते आणि आपला नंबर सांगते. मशीन त्या क्षणाची वेळ टिपून घेतं. सुरुवातीला एकदा, शेवटाला एकदा. दोन्हींमधलं अंतर ती तुमची वेळ.

"शिट्टी झाल्यावर गर्दीत मागं अडकलो तर?" मी विचारलं.

"मॅटवर तुमचा पाय पडेल तेव्हापासून तुमची वेळ सुरू. फक्त नंबर पुढं लावा आणि घडी घालू नका."

आत्ती खूश झाल्या. "म्हंजे हितं धक्काबुक्की करायचं कामच न्हाय," त्या म्हणाल्या आणि नंबर हळदीकुंकू लावून देवापुढं ठेवला.

सकाळी मैदानावर नुसता दंगा! हलगी कडाडत होती, ओळखदेख नसलेली माणसं एकमेकांना "चला पावणं" म्हणून पुढं ढकलत होती. मामा आले नव्हते. "मेसेज आला की कळंल," म्हणून खुर्चीत बसून राहिले होते. मी आत्तींच्या पदरावर समोरच नंबर टाचला. मॅट आला, पीप पीप पीप, आणि आम्ही सुटलो.

पहिले दोन किलोमीटर आत्ती माझ्या पुढं होत्या. खोटं नाही सांगत. पुढं एका चढावर त्यांना धाप लागली, पदर वाऱ्यानं तोंडावर यायला लागला. त्यांनी चालता चालताच पदर गोळा केला, नंबरासकट घडी घातली आणि छल्ल्याच्या मागं कमरेला घट्ट खोचला. मी बघितलं आणि मला काहीही वाटलं नाही. रानात कामाला वाकणारी बाई पदर असाच खोचते, नवल ते काय! शेवटचं वळण आलं तेव्हा कमानीवरचं घड्याळ तासाच्या आतच होतं. मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "आत्ती, पळा!" आणि त्या पळाल्या, दात ओठ खाऊन, किल्ल्या वाजवत. मॅट ओलांडल्यावर दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो.

माझ्या फोनवर माझा मेसेज लगेच आला. मी मामांना फोन लावला.

"न्हाय आला," मामांचा आवाज अगदी पडलेला. "परत परत बघतोय."

"घरीच आहात ना?"

"घरीच की."

त्यांच्या मागं हलगी ऐकू येत होती. टीव्ही लावला असेल म्हटलं, आणि मनात चरफडले. सुटले एकदाचे! आता मशीनकडं बोट दाखवणार आणि पुडी काढणार. आत्तींनी माझं तोंड बघितलं, आणि पळून लाल झालेला त्यांचा चेहरा एकदम उतरला.

मी त्यांचा हात धरून वेळ मोजणाऱ्या तंबूत घुसले आणि जयसिंगपूरच्या बाईंवर आवाज चढवला. त्यांनी शांतपणे स्क्रीन बघितली. सुरुवातीची नोंद होती, शेवटाची नव्हती. मग त्यांची नजर आत्तींच्या कमरेवर गेली.

"काकू, नंबर कुठाय?"

आत्तींनी छल्ल्यामागून पदर ओढला. घामानं भिजलेला कागद बाहेर आला.

"पुढं चांदी, मागं अंग. लहरी पोचणार कुठून?" बाई हसल्या. "घाबरू नका. शेवटाला कॅमेरा आहे. त्यात बघून वेळ भरता येते."

त्यांनी चित्र मागं नेलं. आम्ही दोघी स्क्रीनवर वाकलो. हिरव्या बनियनवाला आला, दोन मुली आल्या, आणि मग आत्ती! मी टाळीच वाजवली. पण आत्ती स्वतःकडं बघतच नव्हत्या. त्यांनी स्क्रीनवर बोट टेकलं.

दोरीच्या पलीकडं, गर्दीत, मामा होते. टोपी हातात घेऊन उड्या मारत होते. आवाज नव्हता, पण तोंड उघडं होतं, ओरडत असणार. आत्तींनी मॅट ओलांडला तशी मामांनी खिशातून पुडी काढली, फाडली आणि सगळी तंबाखू गुलालासारखी वर उधळली. शेजारचा माणूस डोळे चोळत त्यांच्या अंगावर खेकसला. मामांना पत्ताच नव्हता.

मशीननं काही सांगायच्या आधी.

माझे डोळे भरून आले. ह्या माणसावर मी मघाशी मनातल्या मनात किती तोंडसुख घेतलं होतं! बाईंनी वेळ भरली. आम्ही तंबूबाहेर आलो तर मामा फोन उंच धरून समोरूनच धावत येत होते.

"आला की! मेसेज आला!"

"घरनं लई लवकर आलासा," आत्ती म्हणाल्या.

मामा गडबडले. "रिक्षा मिळाली."

"पुडी कुठाय?"

"गर्दीत पडली वाटतं कुठंतरी."

आत्तींनी मला डोळ्यानं दटावलं. एक शब्द बोलायचा नाही. मग त्यांनी कमरेचा छल्ला किल्ल्यांसकट काढला आणि मामांच्या हातात ठेवला.

"धरा. दार नुसतं ओढून आलासा न्हवं? घर उघडून च्या टाका. आमी दोघी येतो चालत."