कोरड्या नदीतलं लग्न

धरणाचं गेट उघडून चार तास झाले होते आणि बंधाऱ्यावरच्या चौकीदाराचा फोन आला.

"साहेब, पाणी इथून पुढं गेलं."

मी घड्याळ बघितलं. सकाळचे दहा. त्या बंधाऱ्यापर्यंत जायला पाण्याला दुपारचे तीन तरी वाजायचे.

"नीट बघितलंस ना?"

"आत्ता पाय बुडवून आलो. पण साहेब, खाली दौलतनानाच्या पोरीचा मांडव हाय. नदीतच."

तो मांडव तिथे माझ्यामुळे होता.

मी तेव्हा सटाण्याकडे पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होतो. नव्वदचं दशक होतं, मोबाइल नव्हते. उन्हाळ्यात नदी ठणठणीत कोरडी असायची. खालच्या गावांच्या नळयोजनांसाठी आम्ही धरणातून नदीच्या पात्रातच पाणी सोडायचो. त्याला आवर्तन म्हणतात.

त्या भागात लग्नं मे महिन्यातच. कांदा निघालेला असतो, शाळांना सुट्टी असते, पाहुणे मोकळे असतात. गावातल्या गल्ल्या अरुंद, शेतं नांगरून पडलेली. मोठी, सपाट, फुकटची जागा एकच, नदीची वाळू. ती संध्याकाळी गार पडते, म्हणून मुहूर्तही गोरजाचा, सूर्य मावळतानाचा.

एप्रिलमध्ये खालच्या गावचे दौलतनाना माझ्या ऑफिसात आले होते. ते अहिराणीत बोलायचे. "साहेब, पोरीनं लगीन शे. पानी कधी सोडशात?"

मी कॅलेंडर बघून म्हणालो, "लग्नाच्याच रविवारी सकाळी. पण तुमच्या गावाला पोचायला सोमवार उजाडतो. निम्मं पाणी वाळूच पिते. खुशाल उरका लग्न."

दरवर्षी तसंच व्हायचं, म्हणून बोललो. नाना चहा पिऊन गेले आणि मी विसरलो. लग्नाच्या आधीच्या गुरुवारी त्या पट्ट्यात वळवाचा जोरदार पाऊस झाला, तेव्हाही मला नाना आठवले नाहीत. वाळू आधीच पाणी पिऊन बसली होती. आता सोडलेलं पाणी ती अडवणार नव्हती, ते सरळ पुढे धावणार होतं.

पाणी मांडवापर्यंत कधी पोचेल, याचा कागदावर हिशोब केला. संध्याकाळचे पाच. परत केला. पाचच.

मी उपअभियंत्यांना फोन लावला, तो लागेपर्यंत बारा वाजून गेले. "सर, गेट बंद करू?"

"बंद करून काय करणार? निघालेलं पाणी मागे येतं का? पब्लिक बाहेर काढ आधी."

नानांच्या गावात फोन नव्हता, जीप दुसरीकडे गेली होती. मोटारसायकल काढली. वाटेत दोनदा रस्ता नदीच्या काठाने गेला, दोन्ही वेळा मी तिकडे बघायचं टाळलं. खरं सांगतो, मला रडू येत होतं.

पोचलो तेव्हा तीन वाजत आले होते. पात्रात हजारभर माणसं. वाजंत्री चालू. बाया चटया टाकून बसलेल्या, लहान मुलं वाळूत खेळतायत. नाना फेटा सावरत पुढे आले. "या साहेब, जेवाले बसा."

"नाना, सगळ्यांना वर काढा. पाणी येतंय."

ते हसले. "कोतवालनी दवंडी दिन्ही व्हती, नदीत जाऊ नका म्हणीसन. मी गावले सांगं, साहेबनी स्वतः सांगेल शे, सोमवारलोंग पानी येस नही."

"मी चुकलो, नाना."

नवऱ्या मुलाचे वडील तापले. "मुहूर्ताला चार तास राहिलेत आणि मांडव हलवायचा? असला अपशकुन आम्हाला नको."

तेवढ्यात आचारी कपाळ पुसत आला. "नाना, एक चूल सारखी विझते. खालून ओल येते."

मी त्याच्या हातातलं फावडं घेतलं आणि चुलीशेजारी खणायला लागलो. कोपरभर खड्ड्यात पाणी जमलं. मे महिन्यात त्या गावच्या बाया पिण्याच्या पाण्यासाठी याच वाळूत झिरे खणायच्या, तेव्हा कमरेइतकं खणल्यावर कुठे पाणी लागायचं. वाळू भरली आहे, ती आता पाणी अडवणार नाही, हे मी नानांना समजावायची गरज नव्हती. ते खड्ड्यात वाकून बघत राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मांडव राहू द्या," ते ओरडले. "पोरेसोरे पहिले वर काढा!"

पुढचा तास मला तुटक आठवतो. हळदीच्या अंगाने पळणारी नवरी. म्हातारीला पाठुंगळी घेतलेला एक बँडवाला. मी पुनःपुन्हा माणसं मोजायचा प्रयत्न करत होतो आणि दर वेळी चुकत होतो.

पाच वाजायच्या आत पाणी आलं. आधी काटक्या आणि फेसाची एक मळकट रेघ, मग घोटाभर, मग छातीभर. चुली चर्रकन विझल्या. भाताचं पातेलं हलत हलत निघालं. मांडव थोडा वेळ उभा राहिला आणि मग एका बाजूने खाली बसला.

आत कुणी राहिलं नव्हतं. याची खात्री व्हायला अर्धा तास लागला. तो अर्धा तास मी अजून विसरलेलो नाही.

लग्न शाळेच्या पटांगणात लागलं, गोरजालाच. निघताना नाना मोटारसायकलपर्यंत आले. मी माफी मागितली. त्यांनी माझा हात धरला. आवाजात राग नव्हता.

"साहेब, तुमले इचारं नसतं, तर मी कोतवालनं आयकं असतं."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मला अनेकांनी विचारलं, पाणी कधी पोचेल? मी एकच उत्तर दिलं. दवंडी ऐका, साहेबाचं ऐकू नका.