नामदेवरावांना भुईवर घेतलं तेव्हा

मी डॉक्टरची बॅग घेऊन घरात शिरले तेव्हा नामदेवरावांना खाटेवरून काढून भुईवर आडवं केलं होतं. तोंडात तुळशीपान ठेवायची तयारी चालली होती. तेलुगू मुलखातल्या बेल्लमपल्लीत भाजीचं दुकान चालवणारे हे माझे हार्ट फेल्युअरचे पेशंट. हृदय थकलेलं, आणि आडवं झालं की फुप्फुसांत पाणी वाढणार.

श्वास भरभर चढला, मंद होत गेला आणि थांबला. बायकांनी हंबरडा फोडला. तेवढ्यात तो पुन्हा सुरू झाला.

"सकाळपासून असाच जीव अडकून राह्यला त्याचा," थोरले भाऊ दादाराव म्हणाले.

जीव अडकला नव्हता. आपल्या मानेत दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढी गाठ असते. रक्तात ऑक्सिजन कमी झाला की ती मेंदूला कळवते. हार्ट फेल्युअरमध्ये ती चिडखोर होते, जरा कमी पडलं की बोंब ठोकते. मग श्वास गरजेपेक्षा जास्त होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड फार उतरतो, म्हणून मेंदू तो थांबवतो. रक्त सावकाश फिरत असल्यानं प्रत्येक निरोप उशिरा पोहोचतो, म्हणून श्वास असा चढत-थांबत राहतो. वर त्याच बोंबेनं हृदयही पळवलं जातं, दमल्या बैलाला पराणी टोचावी तसं. ते आणखी खचतं.

"यांना आधी उठवून बसवा. खाटेवर घ्या."

"काऊन हाल करता, बाई? खाटेवर जीव गेला तर आमाले दोष लागते."

"आणि असं झोपवल्यानं गेला तर?"

मला रागही आला होता आणि भीतीही वाटत होती. वाद घालत बसले तर माणूस हातचा जाणार.

"भुई सोडायची नाही ना? मग भुईवरच बसवा!"

दादारावांनीच पुढे होऊन भावाच्या खांद्याला हात घातला. कांद्याची पोती पाठीला लावून आम्ही नामदेवरावांना बसतं केलं. पाणी उतरवायचं इंजेक्शन दिलं. हॉस्पिटलच्या जीपमधून सिलिंडर आला. ऑक्सिजन मिळाला तशी ती मानेतली गाठ निवळली, श्वासाचे खंडही कमी झाले.

"आता हॉस्पिटलात नेऊ?"

"न्या बाई," दादाराव डोळे पुसत म्हणाले. "आमाले काय ठाव होतं!"

'शेवटचं पाहायला या' अशी तार मिळून चंद्रपूरचे पाहुणे संध्याकाळी वॉर्डात पोहोचले, तर नामदेवराव उशीला टेकून बिनसाखरेच्या चहावरून बायकोशी भांडत होते. पुढे काही वर्षं ते दुकानावर बसले.

हृदयाच्या पेशंटचा श्वास असा थांबून पुन्हा सुरू होताना दिसला तर आधी त्याला बसतं करावं. रडायचं काय, ते नंतरही जमतं.