गिरणी बंद करणारी आत्या

वाटूरच्या आमच्या गिरणीवाल्या आत्याला चालू गिरणी बंद करायची भलतीच खोड होती. दळणाची रांग दारापर्यंत लागलेली असायची, आणि एखादी बाई काही पुटपुटून डोळ्यांना पदर लावताना दिसली, की आत्या उठून इंजिनच बंद करायची. डिझेलचं ते धूड पुन्हा चालू करायचं म्हणजे हँडल फिरवणाऱ्याच्या तोंडाला फेस यायचा. रांगेतल्या बाया कुरकुरायच्या. आत्या तिकडे ढुंकूनही न बघता त्या बाईला म्हणायची, "हां, आता बोल."

नवरा गेल्यावर माहेरी येऊन तिने भावाची ही गिरणी सांभाळली, म्हणून ती साऱ्या गावाची आत्या; आमच्याशी तिचं रक्ताचं नातं नव्हतं. जिभेने तिखट. ओलसर ज्वारी आणणारीची भर रांगेत हजेरी घ्यायची. पण माझा तिच्यावर फार जीव होता.

गिरणीत आम्हा सगळ्यांना एक सवय जडली होती. इंजिनाच्या धडधडीत समोरच्याचे नुसते ओठ हललेले दिसायचे. सारखं 'काय, काय' विचारायचा कंटाळा, म्हणून सरळ मान डोलवायची. कोणी काहीही सांगो, मान आपली हो म्हणायची. या मानेवर आत्याचा काडीचा विश्वास नव्हता.

पंच्याहत्तर-शहात्तरच्या सुमारास मी मॅट्रिक झाले. दादा, म्हणजे माझे वडील, जाफराबादच्या एका स्थळाच्या मागे लागले होते. मला जालन्याला जाऊन मास्तरीण व्हायचं शिक्षण घ्यायचं होतं. पण आमच्या घरात दादांनी बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. एक दिवस मी दळणाला बसले असताना ते घाईघाईने गिरणीत आले आणि वाकून काहीतरी ओरडले. मला अक्षर कळलं नाही. सवयीने मी मान डोलावली. दादांचा चेहरा खुलला. दाराबाहेर उभ्या असलेल्या मध्यस्थाला त्यांनी हातानेच 'जमलं' अशी खूण केली, तेव्हा मला कळलं, मी कशाला हो म्हटलं ते.

आत्याने इंजिन बंद केलं. आमची निम्मी ज्वारी दळायची राहिली होती.

"भाऊ, ती नुसती मान हलवून राह्यली. तिला काय बी ऐकू आलं न्हाई," आत्या म्हणाली. "आता पुन्हा इचारा."

दादांनी विचारलं, मुलगा पसंत आहे ना. रांगेतल्या साऱ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. एकीने मधे तोंड घातलं, तिला आत्याने डोळ्यांनीच दाबलं. शेवटी मी म्हणाले, "मला आत्ता लगीन न्हाई करायचं, दादा. जालन्याला शिकायला जायचंय."

"मंग घरी का न्हाई बोललीस?"

"घरी तुमीच बोलून राह्यता की," आत्या म्हणाली.

दादांनी मध्यस्थाला कसंबसं वाटेला लावलं. पुढे कित्येक दिवस घरात त्यांचा आवाज नव्हता. पण शाळा-कॉलेजं उघडली तेव्हा माझी ट्रंक खांद्यावर घेऊन जालन्याच्या वसतिगृहापर्यंत तेच आले.

दुसऱ्या वर्षी ते अचानक वसतिगृहावर आले. ओट्यावर माझ्या शेजारी बसून त्यांनी आत्या गेल्याचं सांगितलं. मी रडत रडत तिच्याबद्दल काय काय बोलत सुटले. एरवी दुसऱ्याच वाक्याला दादांनी 'पुरे आता' म्हटलं असतं. त्या दिवशी गावाकडची एसटी निघून गेली तरी ते उठले नाहीत. मी बोलायची थांबले तेव्हा हळूच म्हणाले, "अजून काय सांगायचं असंल तर सांग. मी बसलोय."