चिठ्ठी न देणाऱ्या वसुधाताई

फिजिओथेरपिस्ट वसुधाताईंशी माझी ओळख भांडणातून झाली. साठीच्या गौरवग्रंथात असे लिहीत नाहीत म्हणे. मी लिहिणार.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि कॉन्व्हेंटमध्येच आयुष्यभर खेळ शिकवला. ताठ उभे राहावे, दुखले तर गप्प बसावे, हे सिस्टरांनी मला शिकवले. मी ते मुलींना. निवृत्तीनंतर आमच्या मंडळाच्या खो-खो संघाला शिकवत होते, तेव्हा एकोणीस वर्षांच्या केतकीच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. सांधा न बदलता तिचाच दुरुस्त करून वाचवला होता. पुढचे व्यायाम वसुधाताईंकडे होते. राज्य संघाची निवड चाचणी तोंडावर आली, म्हणून ती खेळू शकते अशी चिठ्ठी मी त्यांच्याकडे मागितली.

"आधी मैदानावर बघते," त्या म्हणाल्या.

'सहा आठवड्यांत मैदानावर' असे फलक लावणाऱ्यांचा शहरात सुकाळ आहे. वसुधाताई मात्र पेशंटचा खेळ स्वतः पाहिल्याशिवाय कोणाला सोडत नाहीत. कात्रजहून सकाळी साडेसहाला त्या हजर झाल्या. केतकी विजेसारखी उठत होती.

"बाई, ही खो मिळायच्या आधी उठते."

"चपळ आहे ती."

"फाउल आहे. तुम्ही शिट्टी का वाजवत नाही?"

मग त्यांनी केतकीला उकिडवे बसवले. "मी सांगेपर्यंत उठायचं नाही." अर्ध्या मिनिटात पोरीचा चेहरा पांढरा पडला. पूर्ण बसले की खुबा दुखे, म्हणून ती आधीच उठे. आणि मी तिला शाबासकी देत होते.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारले.

"बाई, तुम्हीच म्हणता ना, दुखलं तर गप्प बसायचं."

चिठ्ठी मिळाली नाही. चाचणी हुकली. मी वसुधाताईंना नको ते बोलले. त्यांनी ऐकून घेतले, मला चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाला पुन्हा आल्या. पुढचे पाच महिने आठवड्यातून तीनदा आल्या. केतकीबरोबर स्वतः उकिडव्या बसत, तिचे रडणे ऐकत, पण घाई करू देत नसत.

पुढच्या वर्षीच्या चाचणीत केतकी खो मिळेपर्यंत जागची हलली नाही. निवड झाली नाही, राखीव राहिली. पण ती आजही खेळते आहे, त्याच खुब्यावर. वसुधाताईंची मी माफी मागितली. "उशिरा मागितलीत," एवढेच त्या म्हणाल्या.

आता त्यांना साठ वर्षे पूर्ण झाली. हल्ली जिना उतरताना त्या कठडा धरतात आणि विचारले तर "काही नाही" म्हणतात. हे चालणार नाही. त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांचीही केतकीच्या खुब्याइतकीच काळजी घ्यावी आणि धडधाकट शंभरी गाठावी. आमच्यासारख्या घायकुत्या माणसांना नाही म्हणणारे कोणीतरी या शहरात हवे.